आगोटीच्या यादीत घराचा विमा

वैशाख सरत आला की कोकणातल्या घराघरांतून आपली बायकांची एकच धांदल उडते. मिरच्या-हळद कुटून आणायची, डाळींना एरंडेल चोळायचे, पापड-फेण्यांचे डबे भरायचे, सोडे-बोंबील कडकडीत वाळवून बरण्यांत घालायचे, सुकी लाकडे पडवीत रचायची. ही आपली आगोट! गॅस घरोघर आला, वाणीही भर पावसात दुकान उघडतो, तरी आगोट भरल्यावाचून जिवाला चैन पडत नाही ते नाहीच.

मैत्रिणींनो, या आगोटीच्या यादीत गेली काही वर्षे मी एक ओळ वाढवली आहे : घराच्या विम्याचे कागद. हसू नका! मसाल्याच्या डब्यांशेजारी विम्याचे कागद कशाला, असे माझ्या सासूबाईंनीही विचारले होते. त्यांचे म्हणणे असे की, विमा काढणे म्हणजे घराचे वाईट चिंतणे. मी म्हटले, "मग मृगाच्या आधी घर शाकारता ते कशासाठी? पाऊस गळेल असं वाईट चिंतूनच ना?" त्या काही बोलल्या नाहीत, पण हप्त्याची पावती आता त्याच विचारतात.

आपल्याकडे वादळ म्हणजे पलीकडच्या किनाऱ्याची, ओरिसा-आंध्राची गोष्ट, अशी आपली बरीच वर्षे समजूत होती. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले, तरी ती समजूत फारशी हलली नाही. ती मोडली ३ जून २०२० ला. त्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, आणि मधूनच त्याहून जास्त. आमचे श्रीवर्धन, शेजारचे दिवेआगर, तिकडे मुरूड, म्हसळे, खाडीपलीकडे मंडणगड, दापोली! नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. घरांची कौले पत्त्यांसारखी उडाली. विजेचे खांब पडले ते कित्येक गावांतून आठवडेच्या आठवडे उभे राहिले नाहीत. त्यातच टाळेबंदी. मुंबईहून मुलगा यायचा तर त्याला पास हवा, सुतार मिळेना, पत्रे मिळेनात. आणि वादळानंतर आठच दिवसांनी, ११ जूनला, पावसाळा दारात! छप्पर नसलेल्या घरात पावसाळा म्हणजे काय, ते ज्यांनी काढले त्यांनाच ठाऊक. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपत गुजरातेत गेले.

तेव्हा आपल्या समुद्रात वादळाचे दोन हंगाम असतात हे ध्यानात ठेवायला हवे. एक पावसाळ्याच्या तोंडावरचा, मे-जूनचा, आणि दुसरा पाऊस गेल्यावरचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. म्हणजे एक बरोबर आगोटीच्या वेळी आणि एक दिवाळीच्या आगेमागे. दोन्ही वेळा घर भरलेले!

वादळ काही न सांगता येत नाही. हवामान खाते साधारण दोन दिवस आधी सावध करते, मग चोवीस तास आधी पक्का इशारा देते. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग आता मुलांनाही पाठ आहेत. आमच्या कोळीवाड्यात मात्र अजून "कितीचा बावटा लागला?" असेच विचारतात. बंदरावरच्या बावट्याचा आकडा वाढत जाऊन आठ, नऊ, दहा झाला की मोठा धोका समजायचा. हे जे दोन दिवस हाताशी मिळतात, त्यांतच सारे काही.

पुरुषमंडळी छपराकडे पाहतील. पत्र्यांचे हुक घट्ट करणे, घरावर आलेली फांदी तोडणे, माडांवरचे नारळ आणि वाळल्या झावळ्या उतरवणे ही कामे त्यांच्याकडून करवून घ्याच. वादळात सुटा नारळ तोफगोळ्यासारखा येतो. अंगणातले काहीही सुटे ठेवू नका. कुंड्या, बादल्या, खुर्च्या, कपडे वाळत घालायची काठी, सगळे आत. गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी काठोकाठ भरून ठेवा. रिकामी टाकी वाऱ्याबरोबर उडते, भरलेली जागची हलत नाही, आणि पाणीही होते.

पण एक गोष्ट आपल्याच लक्षात यायला हवी, ती म्हणजे माळा. आपण वर्षाची बेगमी माळ्यावर चढवतो, कारण तिथे ओल नसते, उंदीर कमी. आणि वादळात आधी काय जाते? कौले! जूनच्या तीन तारखेला आमच्या आळीत घरोघर माळे भरलेले होते आणि घरोघर ते भिजले. तांदूळ, मसाले, गोधड्या, मुलींच्या लग्नासाठी जपून ठेवलेली तांब्या-पितळेची भांडी नव्हेत, ती धुता येतात, पण गाद्या आणि ठेवणीतली लुगडी! म्हणून इशारा आला की माळा खाली उतरवायचा. डबे माजघरात, पलंगाखाली, वर प्लॅस्टिकचा कागद. जिथे पुराची भीती असते तिथे अर्थात उलट. महाड-चिपळूणच्या मैत्रिणींना २२ जुलै २०२१ नंतर हे सांगायला नकोच. त्यांनी सामान वरच चढवायचे.

घरात स्लॅबची खोली असेल तर वादळात सगळ्यांनी तिथे बसावे. नसेल तर माजघरात, भिंतीच्या कडेला, खिडक्यांपासून दूर. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, विजेचे मेन स्विच बंद. पिण्याचे पाणी, सासऱ्यांच्या गोळ्या, बाळाचे दूध, बॅटरी, आणि सुट्या नोटा जवळ ठेवा. वीज गेली की एटीएमही जाते आणि मोबाइलवरून पैसे देणेही जाते. वारा मध्येच एकदम पडला तर बाहेर धावू नका. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असेल तर थोड्या वेळाने वारा पुन्हा सुटतो, तोही उलट्या दिशेने. आधी तग धरलेले झाड तेव्हा पडते.

आता विम्याकडे वळू. घरातले हे खाते बहुधा 'ह्यां'चे असते. आपण पॉलिसी कपाटात पाहिलेली असते, वाचलेली नसते. आमच्या ओळखीच्या एका वहिनींचे उदाहरण सांगते. घरासाठी बँकेचे कर्ज, त्यामुळे "बँकेने विमा काढलाय" ही खात्री. वादळानंतर कागद काढून पाहिला, तर तो भाऊजींच्या आयुष्याचा विमा! कर्ज फिटण्याआधी त्यांचे काही बरेवाईट झाले तर बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून काढलेला. घराच्या कौलाशी त्याचा काही संबंध नव्हता. असे कितीतरी घरांत आहे. म्हणून हा अंक खाली ठेवलात की कपाट उघडा आणि तुमच्याकडे नेमके काय आहे ते पाहा. विमा घराचा असला तरी तो नुसत्या इमारतीचा आहे की आतल्या सामानाचाही? बँकेने काढून दिलेला असेल तर पुष्कळदा इमारतीचाच असतो, तोही कर्जाच्या रकमेइतका, आणि भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. मोठ्या सोसायटीत फ्लॅट असेल तर सोसायटीच्या पॉलिसीत इमारत असते. तुमचा फ्रिज, तुमचे कपाट त्यात नसते. भाड्याच्या घरात राहत असाल तर भिंती मालकाच्या, पण सामानाचा विमा तुम्हाला एकट्यालाही काढता येतो.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी एक ठरावीक पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना लावून दिली आहे. तिचे नाव 'भारत गृह रक्षा'. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणे हे सारे एकाच पॉलिसीत येते. कंपनी कुठलीही असो, मुख्य अटी त्याच. ही सोय आपल्यासारख्यांना फार बरी आहे, कारण बारीक अक्षरांतली फसगत कमी झाली.

रक्कम कशी ठरवायची? इथे बहुतेक जण घोटाळा करतात. घराची बाजारातली किंमत धरायची नसते. जागा वादळात उडून जात नाही! पुन्हा बांधायला आज किती लागेल तेवढीच धरायची. आतले क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा आजचा दर. समजा ८०० चौरस फूट घर आणि गवंडी दोन हजाराचा दर सांगतो, तर सोळा लाख. कुंपणाची भिंत, फाटक, पडवी, पाण्याची टाकी, छतावरचे सौर यंत्र हेही इमारतीतच मोडते, म्हणून त्यांचीही किंमत त्यात मिळवा. इमारतीच्या रकमेच्या वीस टक्क्यांइतके, पण दहा लाखांपर्यंतच, घरचे सामान आपोआप धरले जाते, त्याची वेगळी यादी द्यावी लागत नाही. म्हणजे वरच्या हिशेबात तीन लाख वीस हजार. जास्त हवे असेल तर यादी देऊन वाढवून घ्यावे. दागिने मात्र वेगळे सांगून घालावे लागतात. रोख पैसे आणि कागदपत्रे यांत धरत नाहीत. आणि वाडी धरत नाहीत! माड-पोफळी म्हणजे घर नव्हे. माड छपरावर पडला तर छपराची भरपाई मिळते, माडाची नाही.

जुन्या पॉलिसीत आणखी एक गोम होती. वीस लाखांच्या घराचा विमा दहा लाखांचाच काढला आणि तीन लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी म्हणे, तुम्ही निम्माच विमा काढलात, घ्या निम्मे, दीड लाख! २०२० मध्ये आमच्याकडे ज्यांचे विमे होते त्यांतल्या कित्येकांना हा नियम तेव्हाच कळला. नव्या पॉलिसीत ही कापाकापी काढून टाकली आहे. काढलेल्या रकमेपर्यंत पूर्ण नुकसान मिळते. मात्र क्षेत्रफळ आणि घराची माहिती खरी द्यायला हवी. तुमची पॉलिसी २०२१ च्या आधी दीर्घ मुदतीची काढलेली असेल तर एजंटाला हा एक प्रश्न जरूर विचारा.

आपल्या कोकणात आणखी दोन अडचणी. घर सासऱ्यांच्या नावावर, सासरे जाऊन दहा वर्षे झाली, सातबारावर पाच दीर-नणंदांची नावे, आणि घरपट्टी भरतो एक जण. पॉलिसी कोणाच्या नावाने काढायची ते आधीच कंपनीला विचारा आणि घरपट्टीच्या पावत्या जपा. भरपाईचा चेक लिहायच्या वेळी हा वाद निघाला तर वर्ष जाते. दुसरी अडचण बंद घराची. मुंबईकर मंडळींचे घर गणपती आणि शिमग्यालाच उघडते. असे घर बंद असते हे लेखी कळवा आणि विमा लागू राहतो ना, तेही लेखीच विचारून घ्या. तोंडी "चालतं हो!" याला काही अर्थ नाही. पेंढ्याचे, झावळ्यांचे, ताडपत्रीचे छप्पर असेल तर ते कच्चे बांधकाम धरतात. तेही लपवू नये.

हप्ता किती? तो कंपनीगणिक आणि घरागणिक बदलतो, पण साध्या पक्क्या घराचा वर्षाचा हप्ता सहसा एका बऱ्यापैकी साडीच्या किमतीत बसतो. टीव्हीवर वादळाचे नाव झळकल्यावर धावाल तर त्या वेळी कोणी पॉलिसी देईलच असा भरवसा नाही. एप्रिलमध्येच काढून ठेवावी.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. विमा असणे वेगळे आणि भरपाई मिळणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये उभा असतो सर्वेअर, आणि त्याला उत्तरे द्यायची असतात बहुतेक वेळा आपणच.

आमच्या आळीतल्या एका काकूंचे घर म्हणजे आरसा. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पदर खोचला. फुटकी कौले गोळा करून टाकली, भिजलेल्या गाद्या खाडीकडे नेऊन जाळल्या, फुगलेले लाकडी कपाट फोडून सरपण केले, सडलेले धान्य गुरांना. चार दिवसांत घर लख्ख! पत्रेही मिळाले, दुप्पट भावाने, बिल न घेता. सगळी आळी त्यांचे कौतुक करत होती. कंपनीचा सर्वेअर आला तो तिसऱ्या आठवड्यात, रस्ते आणि टाळेबंदी यांतून वाट काढत. त्याने पाहिले ते झाडलेले घर आणि नवे छप्पर. "नुकसान कुठे आहे?" असे त्याने विचारले, त्यात त्या बिचाऱ्याचाही काय दोष? काकू बोलत राहिल्या, तो लिहीत राहिला, पण दाखवायला काही नव्हते. मिळाली ती रक्कम पत्र्यांनाही पुरली नाही.

माझ्या मोठ्या जाऊबाई याच गावात, दोन आळ्या सोडून. त्यांचा स्वभाव तसा सावकाश, चेष्टेचा विषयच! पण त्यांना वही लिहायची सवय. कोणती वस्तू कधी घेतली, कुठे घेतली, किती पडली. सर्वेअर आला तेव्हा भाऊजी पुढे झाले. त्याने विचारले, "स्वयंपाकघरात काय काय होतं?" भाऊजी म्हणाले, "काय असणार? भांडीकुंडी!" तो 'भांडी – ३,०००' असे लिहिणार एवढ्यात जाऊबाई वही घेऊन आल्या. मिक्सर, त्याचे साल. घरघंटी, तिची पावती. फ्रिज. शिवणयंत्र. पाण्याचे फिल्टर. कुकर तीन, त्यांपैकी एक पत्र्याखाली चेपलेला, हा पाहा. बत्तीस वस्तू निघाल्या! आणि त्यांतल्या बहुतेक तिथेच ओसरीवर मांडून ठेवलेल्या होत्या, मोडक्या, चिखलाच्या, पण मांडलेल्या. त्यांनी काही टाकले नव्हते. स्वयंपाकघरात काय होते हे घरात एकाच माणसाला माहीत असते. फॉर्म मात्र दुसराच भरतो, आणि तिथे पैसे जातात.

म्हणून वादळाआधी दोन कामे. एक, वही. दुसरे, मोबाइल घेऊन घरभर फिरा, प्रत्येक खोलीचे चित्रण करा, कपाटे उघडून, फडताळे उघडून, माळ्यावरचेही. पाच मिनिटांचे काम आहे. आणि ते लगेच दुसऱ्या गावच्या माणसाला पाठवून द्या, पुण्याच्या वन्सं, नागपूरची बहीण, कोणीही. आपला फोन भिजला, हरवला, तरी चित्र सुरक्षित. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटोही त्यांच्याकडे असू द्या. नंबर त्यावरच असतो.

वादळानंतर हात शिवशिवतात, मला कळते. घर असे पाहवत नाही. पण केरसुणी उचलण्याआधी फोटो. आधी लांबून, मग जवळून. छप्पर, भिंती, ओल कुठवर चढली ती रेषा. तारीख दिसली तर उत्तम. एखादे त्या दिवशीचे वर्तमानपत्र जपून ठेवा, आपल्या गावाचे नाव असलेले. मग कंपनीला कळवा, फोनने आणि लेखी दोन्ही, आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहा. दाव्याचा फॉर्म साधारण महिन्याभराच्या आत जायला हवा, पण तेवढी वाट पाहूच नये. मोडके सामान सर्वेअर पाहीपर्यंत ठेवायचे. कुजणारे, वास मारणारे असेल तर फोटो काढून, कंपनीला कळवून मगच टाकायचे. पण याचा अर्थ पावसात उघड्यावर बसायचे असा नाही! ताडपत्री घालणे, सामान कोरड्यात हलवणे हे उलट आपले कर्तव्यच धरतात. नुकसान वाढू दिले तर तेच आपल्यावर उलटते. फक्त ताडपत्रीचे, मजुरीचे बिल घ्या. पक्के बिल मिळत नसेल तर साध्या कागदावर नाव, रक्कम, तारीख आणि सही. ढिगारा उचलण्याचा खर्चही नव्या पॉलिसीत दाव्याच्या दोन टक्क्यांपर्यंत मिळतो, हे कितीजणींना माहीत आहे? घर राहण्याजोगे उरले नाही तर दुसरीकडे राहण्याच्या भाड्याचीही तरतूद आहे. आणि वादळाने दारे-भिंती पडल्यावर सात दिवसांच्या आत चोरी झाली तर तीही धरतात. पोलिसात तक्रार मात्र हवी.

सरकारी पंचनामा आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचनामा करायला महसूल खात्याचे लोक येतात तो सरकारी मदतीसाठी. ती मदत म्हणजे आधार, भरपाई नव्हे. 'निसर्ग'नंतर बागांची मदत हेक्टरी पन्नास हजार केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत, पण आमच्याकडच्या वाड्या गुंठ्यांतल्या. हिशेब करून पाहा हाती किती आले असेल! तरीही पंचनामा करवून घ्याच आणि त्याची नक्कल मागून घ्या. विम्याच्या दाव्याला तो चांगला पुरावा होतो. पंचनाम्यात लिहिलेले आणि दाव्यात लिहिलेले मात्र जुळले पाहिजे. तिथे कपाट नाही आणि इथे आहे, असे झाले की प्रश्न आलेच. म्हणून ते लोक लिहीत असताना शेजारी उभे राहा, चहा नंतर.

दावा लोंबकळत ठेवण्याचे दिवस नियमाने तरी संपले आहेत. जून २०२४ मध्ये प्राधिकरणाने मुदती बांधून दिल्या : नुकसान कळवल्यापासून चोवीस तासांत सर्वेअर नेमायचा, पंधरा दिवसांत त्याचा अहवाल, आणि अहवाल आल्यावर सात दिवसांत निर्णय. प्रत्यक्षात गावे तुटलेली असताना घड्याळ असे चालेलच असे नाही, पण मुदत माहीत असली की पत्र लिहिता येते. फोनवर भांडत बसू नका. पत्र लिहा, चार ओळींचे, तारखेचे, आणि पोच घ्या. बीए होऊन आपण जे निबंध लिहिले त्यांचा कुठे तरी उपयोग व्हावा!

कंपनी कमी रक्कम देऊ करते आणि सोबत 'पूर्ण व अंतिम' अशा कागदावर सही मागते. पैशांची नड असते, आपण सही करतो. अशी सही केल्यामुळे अधिक मागण्याचा हक्क बुडत नाही, असे प्राधिकरणाने २०१५ सालीच कंपन्यांना बजावले आहे. तरी सही करताना शेजारी 'हरकत राखून' असे दोन शब्द लिहावेत आणि कागदाचा फोटो काढून ठेवावा. सर्वेअरच्या अहवालाची प्रतही मागावी. कुठली वस्तू कोणत्या कारणाने वगळली ते त्याशिवाय कळत नाही.

एवढे करूनही पटले नाही तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी जायचे. महिन्यात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपाल. मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज वर्षाच्या आत करायचा. प्राधिकरणाचा १५५२५५ हा फुकट नंबरही आहे. आमच्या काकूंना लोकपालांकडे जा असे मी सुचवले होते. त्या म्हणाल्या, "पुण्याला कोण जाणार, आणि दाखवू काय?" पहिल्या प्रश्नाला उत्तर होते, अर्ज टपालाने पाठवता येतो. दुसऱ्याला नव्हते.

शेवटी कागदांचे. पॉलिसी, घरपट्टीच्या पावत्या, आधार, बँकेचे पासबुक आणि ती वही हे सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. डबा माळ्यावर नको, ते आता कळलेच. कागद भिजलेच तर उन्हात टाकू नका, कडक होऊन तुटतात. ओले असताना एकमेकांना चिकटलेली पाने ओढूही नका. मध्ये कोरडे टिपकागद किंवा जुना सुती कपडा घालून सावलीत, पंख्याखाली वाळवा, टिपकागद दोन-तीनदा बदला. पॉलिसी गेलीच तर घाबरू नका, नंबर सांगितला की कंपनी नक्कल देते. आणि नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहून टाका. आमच्याकडे ती २२ एप्रिल आहे. त्या चौकोनात सासूबाईंनी स्वतःच्या हाताने 'विमा' असे लिहिले आहे, आणि खाली 'मिरच्या'.